गिरजाचा वाटा

पारोळ्याहून एरंडोलकडे निघालेली एसटी आंबेखेडीच्या फाट्यावर आली की कंडक्टर ओरडायचा, "चला, गिरजावाले!" उतरणाऱ्यांत ख्रिश्चन औषधालाही नसायचा. पाटील उतरत, माळी उतरत, बाजाराच्या पिशव्या सावरत बाया उतरत, आणि सगळे मुकाट्यानं गिरजावाले होत. आंबेखेडी हे नाव शाळेच्या पाटीवर होतं, तलाठ्याकडे होतं, पण माणसांच्या तोंडात नव्हतं. पाऊस गिरजाच्या अल्याड झाला की पल्याड, यावर चावडीत वाद होत. लग्नपत्रिकेवरसुद्धा "गिरजाजवळ" असं छापून येई, आणि ते वाचून कुणाला नवल वाटत नसे.

बरं, ते गिरजा तरी धड होतं का? छप्पर नव्हतं, दारं नव्हती. पुढचा मनोरा अर्धा उभा, त्यातून पिंपळ फुटलेला, आत गावच्या बकऱ्या. तीन बाजूंच्या भिंती लोकांनी दगड नेऊन नेऊन कमरेएवढ्या करून ठेवल्या होत्या. उत्तरेची भिंत मात्र जशीच्या तशी, तिच्यातला कोनाडासुद्धा शाबूत. गोठा बांधायचा म्हटलं की या गावात देवळाच्या पायरीचा दगडही सुरक्षित नसे. मग हीच भिंत का सोडली?

हा प्रश्न गावात फक्त तानुबाईला पडला होता. झिपरू आबा पाटलांची ती थोरली सून. माहेर पिंप्राळ्याचं, स्वभाव भारी चौकस. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती या गिरजाबद्दल विचारत होती, आणि जितकी तोंडं तितक्या गोष्टी ऐकत होती. कुणी सांगे, एका साहेबानं मेलेल्या मडमेसाठी बांधलं. कुणी सांगे, खाली मोहरांचा हंडा आहे. शाळेच्या मास्तरांनी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "ते इंग्रजांच्या काळातलं आहे." एवढं तर बकऱ्यांनाही ठाऊक असेल, असं तानुबाई मनात म्हणाली.

नुसती चौकशी असती तर एव्हाना कंटाळून सोडली असती. पण हे प्रकरण तिच्या घरात शिरलेलं होतं.

खानदेशात श्रावणातल्या नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई ही देवी बसते. तिच्या नैवेद्याचे रोट, गव्हाच्या जाड पोळ्या, करायच्या त्या घरातल्या गडीमाणसांच्या नावानं गहू मोजून. प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. पोरगा जन्मला की वाटा वाढतो, माणूस गेला की त्याचा वाटा बंद होतो. मेलेल्याच्या नावानं गहू मोजणं म्हणजे महाअभद्र. आणि रोट खायचा तो भाऊबंदांनीच. शेजारचा कितीही जिवाभावाचा असो, त्याला तुकडा मिळायचा नाही.

तानुबाईची सासू भिकुबाई घरातल्या सगळ्या गड्यांचं मोजून झालं की आणखी सव्वा मूठ टाकायची. कुणाचं नाव नाही, काही नाही. रविवारी नैवेद्य झाला की त्या वाट्याचा रोट गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीबरोबर फडक्यात बांधून गिरजाच्या कोनाड्यात ठेवून यायची, आणि येताना मागं वळून बघायची नाही. पहिल्याच वर्षी तानुबाईनं विचारलं तेव्हा सासू म्हणाली, "तो गिरजाना वाटा शे. देख अन गप ऱ्हाय."

तानुबाई बघत राहिली, पण गप राहणं तिला जमलं नाही. मोजलेला प्रत्येक वाटा जित्या माणसाचा असतो. म्हणजे या वाट्याचाही कुणी माणूस असणार, आणि तो जिवंत असणार. कोण? सासूच्या तोंडाला कुलूप होतं ते होतंच, आणि मागच्या वर्षी पौषात ती किल्लीसकट निघून गेली. त्या वर्षी घरात कानबाई बसली नाही. आता सदुसष्ट सालचा श्रावण आला आणि गहू मोजायची पाळी तानुबाईवर आली.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन बसली, तोच ओट्यावरून आबांचा आवाज आला.

"औंदा गिरजाना वाटा मोजू नको."

तानुबाईनं पदर पुढं ओढला आणि दाराआडून विचारलं, "का बरं, आबा?"

"वाटा जित्ता माणूसना ऱ्हास. तो जित्ता शे हाई कोन सांगस? दाखाड मले, मंग मोज."

"तो म्हंजे कोन?"

आबा उठले, खांद्यावर उपरणं टाकलं आणि शेताच्या वाटेला लागले. पासष्टीचा माणूस, पण पाय असे आपटत गेले की ओट्यावरची कोंबडी उडाली. तानुबाईचा नवरा वना खाटेवर बसून हे ऐकत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "आबा सांगतस तसं कर. अन तुले वाटस तसं बी कर." वनाचा सल्ला नेहमी असाच असायचा, दोन्हीकडून उपयोगाचा आणि कुठूनही नाही.

पण आबा "तो" म्हणाले होते, आणि तानुबाईचे कान टवकारले होते. सूप तसंच झाकून ठेवून ती निघाली ती थेट सुगनचंद शेठच्या दुकानात. शेठकडे नव्हे, त्याची आई भंवरीबाई हिच्याकडे. गावात वयानं तिच्याहून मोठी बाई उरली नव्हती. बालवयात लग्न होऊन मारवाडातून इथं आली, आणि शेजारच्या धुरपदाबाईच्या, म्हणजे आबांच्या आईच्या, मांडीवर बसून खानदेशी बोलायला शिकली.

भंवरीबाई दुकानामागच्या ओसरीत माळ ओढत होती. तानुबाईनं विचारलं तशी माळ थांबली.

"भिकुबाई गेली, आता मी कुणासाठी तोंड शिवून ठेवू?" ती म्हणाली. "बैस. तो दरवाजा आधी बघ."

ओसरीचा दरवाजा तानुबाईनं शंभरदा बघितला होता. हिरव्या रंगाचा, जाड सागाचा. या वेळी नीट बघितला. रंगाच्या थरांखाली दोन्ही फळ्यांवर क्रूस कोरलेले होते.

"गिरजाचा आहे. म्हारा सासऱ्यानं आणला. चावडीच्या तुळया गिरजाच्या, तुमच्या पाटीलवाड्यातली कौलं गिरजाची, माळ्यांच्या विहिरीचा कठडा गिरजाचा. गिरजा पडलं पडलं म्हणतात सगळे. पडलं कुठं? गावानं घरोघर नेलं."

आणि मग तिनं सगळं सांगितलं. छप्पनचा दुष्काळ, म्हणजे संवत १९५६चा, इंग्रजी एकोणीसशे सालातला, पडला तेव्हा गिरजाचं बांधकाम चालू होतं. रेमन साहेब नावाचा एक गोरा पाद्री होता. त्यानं दुष्काळात काम थांबवलं नाही, उलट वाढवलं. दगड वाहणाऱ्याला धान्य द्यायचा आणि पोरांना अंगणात बसवून खिचडी घालायचा. धुरपदाबाई आणि तिचा नवरा निमाडात मजुरीला निघाले. सात वर्षांचा चिंधा तापानं फणफणलेला. वाटेत मरेल म्हणून त्याला पाद्र्याच्या अंगणात बसवून गेले. पाऊस पडल्यावर परत आले. पोरगा जगला होता, अंगावर मांस धरलं होतं, पण त्याच्या डोक्यावर पाद्र्याचं पाणी पडलं होतं. भाऊबंद म्हणाले, आता तो आपला नाही. बापानं मान खाली घातली. आईला कुणी विचारलंच नाही.

"दोन साल तो पोरगा त्या भिंतीआड राहिला अन ती भिंतीबाहेर. कोनाड्यात त्याच्यासाठी भाकर ठेवून यायची," भंवरीबाई म्हणाली. "मग प्लेग आला, पाद्री मुलांना घेऊन धुळ्याकडे निघून गेला तो गेलाच. पण कानबाईला धुरपदानं गहू मोजले तेव्हा चिंधाची मूठ टाकली. नवरा ओरडला, तर म्हणाली, मेला असेल तर सांगा, नाही टाकत. मेला म्हणायची कुणाची छाती होईना. पुढं लोक गिरजाचे दगड काढू लागले. उत्तरेच्या भिंतीला पहार लावली तेव्हा ती आडवी झोपली तिथं. हाई मना पोऱ्यानं ताट शे, म्हणाली."

तानुबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. ती तशीच उठून घरी आली. संध्याकाळी आबा शेतातून आल्यावर तिनं दाराआडून एवढंच म्हटलं, "आबा, तुमना भाऊ शे तो."

आबांनी हातातला विळा खाली ठेवला. रागावतील असं वाटलं होतं, पण ते ओट्यावर टेकले.

"मी त्याले देखेल नही. त्याना मांगून जल्मनू. पन मना ताटमा वाढताना मायना डोया गिरजाकडे. मी समोर बठेल, अन तिले दिसे तो. उभा जल्म. मंग भिकुबाईनं बी तेच. आते तू." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मरना आदुगर एक साल तरी फक्त घरना गडी मोजा, इतलंच मनं सांगनं शे."

हे ऐकून तानुबाई गडबडली. आतापर्यंत तिला वाटत होतं, म्हातारा हट्टी आहे. तो हट्टी होताच, पण त्याच्या हट्टाला कारण होतं, आणि ते तिच्या काळजाला लागलं. रात्रभर तिचा डोळा लागेना. चिंधा जिवंत असेल आणि वाटा मोजला नाही, तर आपल्या हातानं त्याला मारल्यासारखं. तो मेला असेल आणि मोजला, तर अभद्र घरातल्या पोरांच्या डोक्यावर. आणि या दोन्हींच्या मधे हा म्हातारा.

सकाळी तिनं घरातल्या गड्यांचं मोजलं. आबा, वना, दोन दीर, पोरं. मूठ थांबली. मग तिनं आणखी सव्वा मूठ सुपात टाकली आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

"आबा, तो मरी गया हाई तरी कोन सांगस? खबर दाखाडा, मी वाटा काढी टाकसू."

सासऱ्याला असं उत्तर आंबेखेडीत कुणा सुनेनं दिलं नव्हतं. वना खाटेवरून उठून गोठ्यात गेला. तिथं त्याला काही काम नव्हतं. आबांनी सुपाकडे बघितलं.

"मंग रोट ठेवाले तूच जाय," ते म्हणाले. "अन ठेवीसन लगेच येऊ नको. बठ तठे. कावळा खास का कुत्रं खास, देखीसन ये. मंग पुढला सालनं बोलू."

तिच्यासाठी हे भलतंच अवघड होतं. ठेवून यायचं, मागं वळायचं नाही, ही धुरपदाबाईपासूनची रीत. पण वाटा चालायचा असेल तर बघणं भाग होतं. खरं सांगायचं तर तिला बघायचंही होतं.

रविवारी कानबाई बसली. आरती झाली, नैवेद्य झाला. दुपार कलल्यावर तानुबाई फडक्यातला रोट घेऊन गिरजात गेली. कोनाड्यात ठेवला, हात जोडले, आणि मनोऱ्याच्या बुडाशी पिंपळाच्या मुळांआड जाऊन बसली. एक कावळा येऊन भिंतीवर बसला; तिनं खडा मारला. एक कुत्रं वास घेत आलं, त्यालाही मारला. मग तिच्या लक्षात आलं की अशानं आबांची पैज आपण आपल्या बाजूनं फिरवतोय, आणि ती हात आवरून बसली. बकऱ्या चरत होत्या. भुरभुर पाऊस येऊन गेला. काही घडेना, आणि तिला स्वतःचंच हसू येऊ लागलं.

पारोळ्याकडून एसटी आली आणि थांबली. एक माणूस उतरला. पन्नाशीच्या अलीकडचा, पांढरा लेंगा, काळी छत्री. गावाकडे न वळता तो सरळ गिरजाकडे आला. पडक्या उंबऱ्यापाशी त्यानं वहाणा काढल्या. कोनाड्यापर्यंत पोचायच्या आधीच तो थबकला, जणू तिथं काही असेल असं त्याला वाटलंच नव्हतं. मग त्यानं पुढं होऊन फडकं दोन्ही हातांनी उचललं आणि कपाळाला लावलं.

तानुबाई मुळांआडून बाहेर आली. "तुम्ही चिंधाभाऊ का?" असं विचारून बसली, आणि विचारता विचारताच कळलं की वय जुळत नाही.

माणूस चांगलाच दचकला. फडकं परत ठेवू की धरून ठेवू, असं त्याचं झालं. "मी शांतवन," तो म्हणाला. "चिंधाजींचा मुलगा. धुळ्याला छापखान्यात खिळे जुळवतो. ताई, मी चोरी नाही केली. हे आमचंच आहे असं बाबा सांगायचे."

"अन बाबा?"

"बाबा जाऊन तीन वर्षं झाली."

म्हणजे आबा म्हणाले तेच खरं. मेलेल्याच्या नावानं गहू मोजला गेला, सासूनं मोजला, तिनंही मोजला, तोही तोंड वर करून.

शांतवन भडाभडा बोलत होता. एसटी सुरू झाल्यापासून बाबा दर वर्षी येत. त्याआधी जमेल तेव्हा पायी, बैलगाडीनं. घरी नेऊन त्या रोटाचा तुकडा तुकडा सगळ्यांना देत. म्हणत, हे ठेवतात तोवर त्यांच्या लेखी मी आहे. "ते गेल्यावर मी कळवायला पाहिजे होतं. पण कळवलं की हे बंद होणार. मला धीर झाला नाही. गेल्या वर्षी आलो तर कोनाडा रिकामा. वाटलं, कुठून तरी खबर लागली तुम्हाला. या वर्षी येणारच नव्हतो. घरात बसवेना म्हणून आलो."

तानुबाईच्या मनात क्षणभर एक विचार येऊन गेला. याला असाच पाठवून द्यावा आणि आबांना सांगावं, कुत्र्यानं नेला. वाटा बंद होईल, अभद्र टळेल, म्हाताऱ्याच्या जिवाला शांती मिळेल. पण समोरचा माणूस फडकं छातीशी धरून उभा होता, आणि तिला ते खोटं गिळवेना.

"चला घरी," ती म्हणाली.

"घरी? आमचं तिथं काय, ताई?"

"माणूस गेल्याची खबर घरच्यानंच द्यावी लागते. मी सांगून चालायचं नाही."

ओट्यावर आबा बसले होते. आत कानबाईपुढं बाया गाणी म्हणत होत्या. तानुबाईच्या मागून परका माणूस येताना बघून गाणी थांबली. शांतवन अंगणातच उभा राहिला, वर चढला नाही. छत्री मिटून त्यानं काखेत धरली आणि म्हणाला, "आबा, मी चिंधाजींचा मुलगा. बाबा वारले."

आबांनी त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या हातातल्या फडक्याकडे.

"कव्हय?"

"तीन वर्षं झाली. पोळ्याच्या सुमारास."

तानुबाईला वाटलं, आता आबा म्हणतील, झालं, काढ तो वाटा. तिनं मान खाली घातली.

आबा उठले. अंगणात रांजण होता, तिथपर्यंत गेले. "तानू, पानी आन," म्हणाले, आणि ती पुढं होईपर्यंत स्वतःच तांब्या बुडवला आणि पागोट्यासकट डोक्यावर ओतला. मग दुसरा. मग तिसरा. धोतर, सदरा, उपरणं, सगळं चिंब झालं. दाराशी जमलेल्या बायांपैकी एकीनं तोंडावर पदर घेतला. उशिरानं कळलेल्या मरणाची आंघोळ आपल्या माणसासाठीच करतात. परक्यासाठी, बाटलेल्यासाठी कुणी डोक्यावर पाणी घेत नाही. जमलेल्या सगळ्यांना आणि भाऊबंदांना ते लख्ख कळलं. वना पुढं आला आणि त्यानंही मुकाट्यानं तांब्या उचलला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एकाच बाजूनं काही केलं.

"वर ये," आबा शांतवनला म्हणाले. "तठे कोनाडामातलं उचलीसन कोठे लई जास? आठे बठीसन खा."

तानुबाईनं पाट मांडले. आबांनी ओल्या कपड्यांनीच त्याच्या शेजारी बैठक मारली.

"तुना घरमा गडी कितला शेतस?"

"मी आणि दोन मुलं."

"ऐकी ऱ्हायनी ना, तानू? चिंधाना वाटा बंद. ह्या तीन पुढला सालपासून मोज."

तानुबाईनं मान डोलावली. तिनं रोट वाढला, भाजी वाढली, खीर वाढली. शांतवन खाली मान घालून जेवत होता. आबांनी मात्र घास उचलला नव्हता. पानाकडे बघत त्यांनी इतक्या हळू विचारलं की तानुबाईला वाढता वाढता थांबावं लागलं.

"त्याले माहीत व्हतं का, मी शे म्हनीसन?"

"हो तर," शांतवन म्हणाला. "एकदा तुम्ही एसटीत त्यांच्या शेजारीच बसला होतात. फाट्यापासून पारोळ्यापर्यंत. कंडक्टरनं तुम्हाला झिपरू पाटील म्हणून हाक मारली, तेव्हा त्यांना कळलं. पण त्यांनी ओळख दिली नाही. घरी आले आणि म्हणाले, आज भावाला मांडी लावून बसलो."

आबा आठवू लागले. कपाळ आक्रसलं, डोळे मिटले, ओठ हलले. किती प्रवास, किती शेजारी बसलेली माणसं. काही हाताला लागेना.

"मी बोलनू का काही त्याना संगे?"

"नाही. तुम्ही चंची काढलीत आणि तंबाखू पुढं केलीत."

"लिधी का त्यानी?"

"बाबा कधीच खायचे नाहीत," शांतवन म्हणाला. "पण तुमच्या हातची घेतली."